माहेरचा संघ की सासरचा?

प्रश्न : माहेर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, सासर शिवाजी पेठेत, संसार मात्र सुरतेत, उधन्यास. माहेरची पाटाकडील तालीम आणि सासरचे शिवाजी तरुण मंडळ फुटबॉलच्या चषकासाठी भिडले की मी कोणाची बाजू घ्यावी?

उत्तर : ज्या नगरीत कुस्तीच्या तालमींनीच पुढे फुटबॉलचे संघ उभे केले, आणि पेठेत जन्मास येणे म्हणजेच त्या पेठेच्या संघाचे वतन पदरी पडणे असा अलिखित दस्तूर रूढ झाला, तेथील कन्येने विवाहाबरोबर निष्ठाही पालटावी, ही अपेक्षा मला सर्वथा गैरवाजवी वाटते. सबब पाटाकडील आपलीच म्हणावी. शिवाजीने गोल केल्यास टाळी वाजवावी, जरा बेताने. खरा पेच आपल्या मुलांचा. जानेवारी २०१७ मध्ये इंदूरला पार्थिव पटेलच्या १४३ धावांच्या बळावर गुजरातने मुंबईस नमवून रणजी करंडक प्रथमच जिंकला, तेव्हा सुरतेत वाढलेल्या एखाद्या मराठी मुलाने गुजरातचा जयघोष केला असेल, तर त्यास फितूर ठरवू नये. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरील सामना मोबाइलवर पाहताना यजमानांना शेजारी बसवावे किंवा कसे, हे मात्र माझ्या अखत्यारीबाहेरचे आहे.