मस्कतला निघालेल्या भाचीस

दिवाळे कोळीवाडा, नवी मुंबई
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस



काल खाडीला नारळ वाहून परतलो आणि दादाने खिशातून तुझ्या नेमणुकीचा कागद काढला. मस्कतचं विद्यापीठ, इंग्रजी विभाग, शिक्षण साहाय्यक. धक्क्यावर निम्म्या गावाला त्याने तो आधीच दाखवला होता. जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्यांनीसुद्धा हातात घेऊन पाहिला म्हणे, उलटा की सुलटा देव जाणे. तुझ्या आईला मात्र एकच घोर लागलाय, तिथे मासळी मिळेल का. तिला सांग, मिळेल. मत्रहच्या बाजारात आपल्यासारखीच सुरमई येते, फक्त तिथे तिला कनअद म्हणतात. ओमानात मी शिकलेला हा पहिला अरबी शब्द, आणि तो ओट्यापुढे उभं राहून शिकले. विकणारा माझ्याकडे बघत होता, मी माशाचे कल्ले उचलून बघत होते. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी शिळा माल त्याला माझ्या गळ्यात मारता आला नाही.

मी तिथे सहा वर्षं काढली. तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. फोनवर तू 'हो आत्या, हो आत्या' म्हणतेस आणि विसरतेस. पत्र निदान बॅगेत राहील.

आधी तुझ्यापुढे कोण बसणार आहे ते समजून घे. १९७० पर्यंत त्या अख्ख्या देशात शाळा होत्या तीन. सुलतान काबूस गादीवर आले आणि मग शाळा निघत गेल्या. पहिलं विद्यापीठ सुरू झालं १९८६ मध्ये. म्हणजे तुझ्या वर्गातल्या मुलीची आजी बहुधा शाळेत गेलेली नसेल, आणि नात इंजिनिअर व्हायला आली आहे. हे आपल्या घरात घडलंय, त्यामुळे तुला वेगळं समजावायला नको. मुख्य अभ्यासक्रमाआधी या मुलांना पायाभरणीचा टप्पा असतो. इंग्रजी, गणित, संगणक आणि अभ्यास कसा करायचा याचे धडे. २००८ पासून त्याचे मापदंड सरकारने ठरवून दिलेले आहेत. इंग्रजीत अडकलेला मुलगा तिथेच अडकतो, त्याला पुढचा दरवाजा उघडत नाही. या अडकलेल्यांसाठीच साहाय्यक नेमतात. सगळ्यांची घरची भाषा अरबीच असेल असंही धरून चालू नकोस. झांझिबारहून परतलेल्या घरांत स्वाहिली बोलतात, काही घरांत बलुची. अशा मुलाला इंग्रजी ही तिसरी भाषा. तुलाही तिसरीच की. घरची कोळी बोली, शाळेतली मराठी, मग इंग्रजी.

आता माझी फजिती. पहिल्या महिन्यात मी रोज रात्री बीबीसी लावून बसायचे आणि सकाळी वर्गात तसं बोलायला जायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी एका मुलीने काळजीने विचारलं, "मिस, घसा बसलाय का?" त्या दिवसापासून मी माझ्या गळ्याने बोलायला लागले. तू ही हौस मुळीच करू नकोस. शब्द सुटा बोल, आघात योग्य जागी दे, घाई करू नकोस. एवढं पुरतं. आवाज दिवाळ्याचा असला तर असू दे.

पण 'आपली इंग्रजी आपल्याला येते' या भ्रमातही राहू नकोस. अरबीत प हा आवाज नाही. पोरं पार्किंगला 'बार्किंग' म्हणतात आणि आपण गालात हसतो. मीही हसायचे. मग एक दिवस मी 'पेन' म्हटलं आणि तीन मुलांनी वहीत 'बेन' लिहिलं. का? तर इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा पी हा आपल्या प आणि फ यांच्या मधला असतो, ओठांतून वाऱ्याची बारीक फुंकर सुटते. आपला प कोरडा, बिनवाऱ्याचा. त्यांच्या कानाला तो ब च्या जवळ लागतो. मुलांच्या तोंडापुढे कागदाची पातळ पट्टी धरून 'पी म्हण, पट्टी हलली पाहिजे' असा खेळ शिक्षक खेळतात. मी तो आधी माझ्या खोलीत आरशासमोर खेळले, पट्टी हलायला दोन दिवस लागले. तसंच आपल्या व आणि व्ह चं. लिहिताना आपण मराठीत दोन्ही वेगळे लिहितो आणि बोलताना सर्रास एक करतो. वेस्ट आणि व्हेस्ट घरीच म्हणून बघ.

या प आणि ब ची एक गंमत तुला पहिल्याच दिवशी दुकानात हातात मिळेल. ओमानचा एक रियाल म्हणजे हजार बैसा. हा बैसा म्हणजे आपला पैसाच, प चा ब झालेला. १९७० पर्यंत तिथे रुपयाच चालत होता. आपल्या रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळा रुपया काढला होता, तो. रुपया गेला, पैसा तेवढा राहिला. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो सत्रभर तोंड उघडत नव्हता, तो उठून म्हणाला की मग चुकतंय कोण, तुम्ही की आम्ही? मला त्याचं उत्तर आजही देता येत नाही. पण त्या दिवसापासून तो बोलायला लागला.

त्यांच्या चुका आधी त्यांच्या भाषेत शोध. 'ही डॉक्टर' असं वाक्य लिहितील, मधलं 'इज' गायब. अरबीत वर्तमानकाळी 'आहे' लागतच नाही. मराठीत लागतं, म्हणून ती चूक आपण करत नाही. 'द' जिथे तिथे घालतील, कारण त्यांच्याकडे 'अल' आहे, आणि 'अ' विसरतील, कारण तसं काही त्यांच्याकडे नाही. आपल्याकडे तर दोन्ही नाहीत. शाळेत तर्खडकरांची पाठमाला घोकूनही माझे 'अ' आणि 'द' कॉलेजपर्यंत डगमगत होते. तू त्याच वाटेने आली आहेस, कुठे पाय घसरतो ते तुझ्या पायाला माहीत आहे. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला ते पुस्तकातून शिकावं लागतं. तुझी तिथली पुंजी हीच, आणि तीच लपवायचा मोह तुला सगळ्यांत जास्त होईल.

मोह होण्यासारखं वातावरणही असतं. मी होते तिथे माझ्याच पदवीच्या, माझ्याहून कमी वर्षं शिकवलेल्या, पण वेगळ्या पासपोर्टच्या बाईंना घरभाडं जास्त मिळायचं. पाहुणे वर्ग बघायला येणार असले की माझा तास अचानक दुसऱ्याकडे जायचा. मी दोनदा विचारलं, दोनदा गोड उत्तर मिळालं. सगळीकडे असंच असतं असं नाही, पण हा बाजार सगळीकडे आहे. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायच्या व्हिसासाठी सात देशांची यादी आहे, तिच्यात भारत नाही. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारात आपल्या शिक्षकांना दार किलकिलं झालं, तेही 'साहाय्यक' म्हणून. मूळचे काश्मीरचे ब्रज काचरू अमेरिकेत बसून आयुष्यभर सांगत राहिले की इंग्रजीची अनेक घरं आहेत आणि भारत त्यातलं एक. विद्वानांनी ते मान्य केलं, जाहिराती देणाऱ्यांनी अजून केलेलं नाही. याचा राग येईल. येऊ दे. पण तो वर्गात नेऊ नकोस, आणि त्या दुसऱ्या बाईंवर तर मुळीच काढू नकोस. मला लेखन तपासायच्या खऱ्या युक्त्या त्यांनीच शिकवल्या.

त्यातली एक आत्ताच सांगून ठेवते. पहिल्या सत्रात मी एका मुलीचा निबंध लाल शाईने असा भरला की कागदावर तिचं अक्षर शोधावं लागत होतं. मेहनत केली म्हणून मी खूश. ती पुन्हा आली नाही. मग मला माझी आय आठवली. बेलापूरला पाटी घेऊन बसायची तेव्हा तिला ना गुजराती येत होतं, ना मद्रासी, ना सिडकोच्या साहेबांची हिंदी. पण ती गिऱ्हाईकाला आधी बोलू द्यायची. भाव चुकीचा सांगितला तरी हसायची नाही, आकडा स्वतः एकदा नीट म्हणायची, आणि दुसऱ्या खेपेला गिऱ्हाईक तो बरोबर म्हणायचं. भाषा अध्यापनाच्या पुस्तकांत या युक्तीला नाव आहे. आयला ते ठाऊक नव्हतं. तू एका कागदावर चुकांची एकच जात पकड. आज फक्त क्रियापदं, बाकीच्याकडे डोळेझाक. जाळ्यात आलेलं सगळंच पाटीत घालत नाहीत.

साहाय्यकाचं काम म्हणजे कुणालाच नको असलेलं काम. परीक्षेच्या खोलीत उभं राहणं, गठ्ठे मोजणं, संभाषणाचा तास, लेखन-कक्षात एकेकाला घेऊन बसणं. शेवटचं मागून घे. तिथे मुलं आपण होऊन येतात, आणि तिथेच खरं शिकवणं होतं. बाकी सगळं कर, पण मोजून कर. 'तू सहज करशील' म्हणून पुढे येणारं दर तिसरं काम दुसऱ्याच्या नावावर जमा होतं. धर्मानंद कोसंबींचं नाव तुला बौद्ध धर्मामुळे माहीत असेल. गोव्याच्या सांखवाळचा हा माणूस १९१० मध्ये हार्वर्डला गेला, 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाच्या कामावर. मुखपृष्ठावर संपादक म्हणून नाव कुणाचं, यावरून प्रोफेसर लानमन यांच्याशी बिनसलं आणि १९१२ मध्ये ते परत आले. ग्रंथ छापून निघाला १९५० मध्ये. कोसंबी १९४७ मध्येच गेले होते. एवढ्या मोठ्या विद्वानाची ही गत, तर तू तयार केलेल्या सरावाच्या कागदांवर पहिल्या दिवसापासून स्वतःचं नाव आणि तारीख घाल. भांडण नको, नुसती नोंद.

वशिल्याबद्दल. तिथे त्याला वास्ता म्हणतात, आणि आपला 'वशिला' हा शब्दही मुळात अरबीच आहे, तेव्हा नाक मुरडू नकोस. कुणाचा मामा, कुणाचा चुलतभाऊ गुणांसाठी अत्यंत प्रेमाने बोलायला येईल, खजूर आणि कॉफी पुढे करेल. कॉफी पी, पेला हलवून परत दे म्हणजे पुन्हा भरणार नाहीत, आणि गुणांचा विषय विभागप्रमुखांकडे पाठव. मुलग्यांना स्वतःचा फोन नंबर देऊ नकोस, मुलींनाही सत्र संपेपर्यंत नको. रमजानात दिवसा चारचौघांत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, आणि दुपारच्या तासाला कुणी डुलकी घेतली तर तुला दिसलं नाही असं समज.

कागदांचं मात्र मी कडक बोलणार आहे. आपल्या घराने सही करताना काय गमावलं ते तुला माहीत आहे. सिडको १९७० ला आली, आसपासच्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, आणि आजोबांनी अंगठा उठवला तो कागद त्यांना कुणी वाचून दाखवला नव्हता. पुढे १९८४ मध्ये जासईला गोळीबार झाला, माणसं गेली, दि. बा. पाटलांनी रान उठवलं, तेव्हा कुठे साडेबारा टक्के जमीन परत पदरात पडली. तू तर दोन पदव्या घेतलेली मुलगी.

पदवीवर परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल शिक्का इथूनच मारून ने. ओमान २०१२ पासून तो मानतं, त्यामुळे दूतावासाचे हेलपाटे वाचतात. त्याआधी राज्याची पडताळणी लागते, तिला वेळ लागतो, तेव्हा उद्याच सुरू कर. एजंटाला मूळ प्रत देऊन मोकळी होऊ नकोस. करारात मूळ पगार किती आणि भत्ते किती ते वेगवेगळं लिहिलेलं हवं, कारण नोकरी संपताना मिळणारी रक्कम मूळ पगारावर मोजतात. पगाराचा आकडा मोठा आणि मूळ पगार छोटा असेल तर तो डाव ओळख. पदनाम 'साहाय्यक' असेल तर आठवड्याचे तास किती, हे आकड्यात हवं. 'विभागाच्या गरजेनुसार' या दोन शब्दांत माझे कित्येक शुक्रवार गेले. मालक बदलायला पूर्वी जुन्याचं ना-हरकत पत्र लागायचं. २०२१ पासून करार पूर्ण केल्यावर ते लागत नाही, पण मुदतीआधी सोडायचं झालं तर काय, ते वाच. आणि ओमानी माणसाला आधी नोकरी हे त्यांचं धोरण आहे, योग्यही आहे. दोन वर्षांत तुझी जागा जाऊ शकते. मिळतंय तोवर साठव, आणि सोबत हैदराबादच्या इंग्रजी विद्यापीठाचा अध्यापनाचा दूरस्थ अभ्यासक्रम करता आला तर कर.

सोडे आणि सुकट नेशील, मला माहीत आहे. तीन पिशव्यांत घाल. माझं एका पिशवीतलं फुटलं होतं, आणि सहा महिने माझ्या इंग्रजीच्या पुस्तकांना सुकटीचा वास येत होता.

तिथला कायदा करार अरबीत मागतो. इंग्रजीत असला तर सोबत अरबी प्रत जोडावी लागते. दादाने काल दाखवला तो कागद फक्त इंग्रजीत होता. त्यांच्याकडून दुसरी प्रत मागवून घे आणि रविवारी दोन्ही घेऊन ये. सही केली नसशील तर तोवर करू नकोस. बंदी उठल्यापासून होड्या रोज जातायत, जिताडा मिळाला तर ठेवते. अरबी मला अजून वाचता येतं, चष्मा तेवढा नवा केलाय.

तुझी,
आत्या