भीती घालवणारी गोळी असते का?

शंका : मुलीचं घर चौदाव्या मजल्यावर आहे. तिच्या गॅलरीत पाऊल टाकायचं म्हटलं की पाय लटपटतात. क्षयाच्या एका गोळीने उंचीची भीती जाते असं वाचलं. दिरांना तीच गोळी चालू होती, एक पाकीट उरलं आहे. घेऊ का? – एक भगिनी, सातारा

समाधान : ताई, मुळीच घेऊ नका. पाकीट दवाखान्यात परत द्या. तुम्ही वाचलंत त्याला मात्र आधार आहे. ही गोळी सायक्लोसेरिन. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर देतात. शिकलेलं पक्कं करणाऱ्या मेंदूतल्या यंत्रणेला ती जोर देते. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात २००२ मध्ये उंदरांवर हे दिसलं. मग २००४ मध्ये तिथल्याच संशोधकांनी उंचीला घाबरणाऱ्या २८ जणांना आभासी काचेच्या लिफ्टमधून वर नेलं, दोनच वेळा. आधी काहींना ही गोळी दिली, काहींना औषध नसलेली. औषध घेतलेल्यांची भीती जास्त उतरली आणि तीन महिन्यांनीही फरक टिकला.

पण गोळी भीती पुसत नाही. जुनी आठवण राहतेच. ‘इथे उभी राहिले तरी मला काही होत नाही’ हा नवा धडा तिच्या शेजारी रुजतो. गोळी त्या दिवशीचा धडा पक्का करते, मग तो कोणताही असो. सराव संपताना भीती उतरलेली असेल तर धीर पक्का होतो. चढलेलीच राहिली तर भीतीच मुरण्याचा धोका असतो. २०१७ मध्ये २१ अभ्यासांतल्या १,०४७ जणांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा फायदा दिसला, पण थोडाच. शिवाय क्षयासाठी रोज घेताना याच गोळीने काहींना निराशा येते, भास होतात, फिट्सही येतात.

शंका : मग गॅलरीत जाण्याआधी मन शांत करणारी गोळी घेतली तर? – एक वाचक, नाशिक

समाधान : त्या वेळेपुरतं बरं वाटेल, पण श्रेय गोळीला जाईल आणि तुमचं मन काहीच शिकणार नाही. अशी गोळी आधीपासून चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

दोघांनाही सांगणं एकच. मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने पायरी-पायरीने सराव करा. आधी गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसा. छातीतली धडधड ओसरेपर्यंत उठू नका. ती बसल्या जागी ओसरली, हाच तुमचा पहिला धडा. कठडा नंतर.