पडीत शेतात डर्ट ट्रॅक टाकायचा? आधी हा हिशोब करा

मागच्या काही व्हिडिओंखाली एक प्रश्न सारखा येतोय, "दादा, आमचं पाच एकर पडीत आहे. त्यावर बाईकचा ऑफ-रोड ट्रॅक टाकला तर चालेल का?" प्रश्न चांगला आहे. आपल्याकडे २०१६ मध्ये हिमालयन आली, २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली. तेव्हापासून कच्च्या रस्त्यावर गाडी घालणारी पोरं अकोल्यातही दिसू लागली. गाडी आहे, हौस आहे, पण चालवायला सुरक्षित जागा नाही. धंद्याच्या भाषेत याला गरज म्हणतात.

पण गरज दिसली म्हणून जेसीबी बोलावायचा नसतो. आधी धडा समजून घेऊ.

१. काय विकणार ते ठरवा

ऑफ-रोड म्हणजे एकच खेळ नाही. सुपरक्रॉस स्टेडियममध्ये माती आणून, उड्यांचे उंचवटे बांधून होतो. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत अशी लीग झाली. त्यात बघणारा तिकीट काढतो. एंड्युरन्सचं उलट आहे. इथे दोन-तीन तास चिखल, दगड, चढ यातून गाडी काढत राहायची. बघणारे कमी, चालवणारे जास्त. म्हणजे पैसा चालवणाऱ्याकडून येणार.

आपल्या भाषेत सांगतो. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावड राजराजेश्वराला येते. त्यात कोण पहिला आला हे कोणी विचारत नाही, पोहोचणं मोठं. एंड्युरन्सचा बहुतेक ग्राहक असाच असतो. त्याला पूर्ण केल्याचं समाधान विकायचं आहे.

२. जमीन जशी आहे तशी वापरा

जगातलं गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रियातलं एर्झबर्ग. ही लोखंडाची चालू खाण आहे. कार्ल काटोख यांनी १९९५ मध्ये तिथे शर्यत सुरू केली. खाणीचे टप्पे, उभे चढ, दगडांचे ढीग आधीच होते, त्यांनी त्यातून वाट आखली. आधी वेळेची पात्रता फेरी होते, त्यातले ५०० जण अंतिम शर्यतीला येतात आणि चार तासांची मुदत मिळते. ती संपवणारे मोजकेच.

आता आपलं बघा. वऱ्हाडातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चाकाला अशी चिकटते की गाडी ढकलतही येत नाही. म्हणून काळ्या रानात ट्रॅक टाकायचा विचार असेल तर थांबा. पातूर-बार्शीटाकळीकडची मुरमाड, दगडी, चढउताराची जमीन शेतीला वाईट, पण या कामाला सोनं. मात्र वनजमीन आणि अभयारण्याची हद्द असेल तर त्या वाटेला जाऊच नका. काटेपूर्णा, नरनाळा, मेळघाट जवळ आहेत, नकाशा आधी तपासा.

३. आखणीचं गणित

पाच एकर म्हणजे साधारण २०,००० चौरस मीटर. दीड किलोमीटरचा, ४ मीटर रुंद फेरा घातला तर ६,००० चौरस मीटर ट्रॅकमध्ये गेले. उरलेलं रिकामं दिसतं, पण ते लागतं. शेजारच्या दोन वाटांवर गाड्या समोरासमोरून येतात, मध्ये अंतर हवंच. पार्किंग, सावली, रुग्णवाहिकेचा वेगळा रस्ता हेही त्यातच.

आता समजा सरासरी वेग ताशी २० किलोमीटर. एक फेरा साडेचार मिनिटांत. २० गाड्या सोडल्या तर दोन गाड्यांत सरासरी ७५ मीटर अंतर राहील. दोन तासांत प्रत्येकाचे २६ फेरे, म्हणजे त्याच वळणावरून ५२० वेळा चाक जाणार! तिथे खोल चर पडणारच. म्हणून दर आठवड्याला दुरुस्ती आणि पाणी मारणं हा खर्च पहिल्या दिवसापासून धरा.

४. अवघड किती ठेवायचं?

२०१५ ला एर्झबर्गमध्ये 'डाउनटाउन' नावाचा नवा टप्पा टाकला होता. तो इतका उभा निघाला की सगळ्यात पुढचे चार जण, जॉनी वॉकर, ग्रॅहॅम जार्व्हिस, आंद्रेयास लेटेनबिखलर आणि अल्फ्रेडो गोमेझ, अडकून बसले. शेवटी त्यांनी एकमेकांच्या गाड्या ओढून वर काढल्या आणि चौघांनाही विजेते जाहीर केलं.

जगातले सर्वोत्तम चालक जिथे अडकतात, तिथे आपल्या गावचा पहिल्यांदा आलेला पोरगा काय करेल? म्हणून प्रत्येक अवघड जागेला बाजूने सोपी वाट ठेवा. ती लांब असू द्या, म्हणजे वेळ जाईल पण हातपाय शाबूत राहतील. नवीन टप्पा आधी नवख्या माणसाकडून चालवून बघा, पट्टीच्या चालकाकडून नाही. हा नियम प्रत्येक धंद्याला लागू आहे. दुकानाची मांडणी मालकाच्या नाही, पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाईकाच्या नजरेने तपासायची.

५. परवानगी आणि जीव

शंकरपट आठवा. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बंद केला, २०२१ ला अटींसह परत सुरू झाला. जिद्द तीच, पण आता नियमाशिवाय पट भरत नाही. मोटरस्पोर्टचंही तसंच. देशात एफएमएससीआय ही संघटना शर्यतींचं नियमन करते. स्पर्धा घ्यायची असेल तर त्यांच्या मान्यतेचं विचारा. जमिनीचा वापर बदलतोय का, हे तलाठी आणि तहसील कार्यालयात लेखी विचारा. विमा, हेल्मेट, छाती-गुडघ्याचे गार्ड, प्रत्येक वळणावर झेंडेवाला माणूस आणि जागेवर रुग्णवाहिका. रुग्णवाहिका बाहेर गेली की ट्रॅक बंद. इथे पैसा वाचवला तर एखाद्या घरचा मुलगा जाऊ शकतो. यावर तडजोड नाही म्हणजे नाही.

६. खरा हिशोब

आकडे उदाहरणासाठी आहेत, तुम्ही तुमचे टाका. महिन्याचा ठरलेला खर्च ४०,००० रुपये. फी ६००, त्यातून माणशी खर्च १५० वजा, उरले ४५०. म्हणजे महिन्याला ८९ जण हवेत. शनिवार-रविवार धरून आठ दिवस, रोज १२ जण. सोपं वाटतं ना?

पण पावसाळ्याचे चार महिने ट्रॅक बंद. खर्च मात्र बाराही महिने. वर्षाचे ४,८०,००० रुपये आठ महिन्यांत काढायचे म्हणजे महिन्याला १३४ जण, रोज १७! त्यात आपला मे महिना. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की सकाळी सहा ते नऊच काय ती गाडी चालणार. बरेच जण इथेच फसतात. चालू महिन्यांचा हिशोब करतात आणि बंद महिन्यांचा विसरतात.

मग उपाय काय?

शर्यतीने सुरुवात करू नका, शिकवण्याने करा. सी. एस. संतोष २०१५ ला डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, ३६ वा आला. पुढे त्याने बेंगळुरूच्या बाहेर बिगरॉक डर्टपार्क हे ऑफ-रोड शिकवणारं केंद्र उभं केलं. २०२४ ला हरिथ नोआने डकारमध्ये रॅली २ गट जिंकला. अशी नावं ऐकून पोरं शिकायला येतात. शिकणारा परत परत येतो, शर्यतवाला वर्षातून एकदा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. आपल्या तालुक्यातल्या ऑफ-रोड गाडीवाल्या २० जणांना विचारा, महिन्यातून किती वेळा येशील आणि किती देशील? "हाव, येईन ना" हे उत्तर धरू नका. ५० रुपये आगाऊ देतो का ते बघा.
२. जमिनीचा सातबारा आणि नकाशा काढा.
३. वरचा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी, बंद महिने धरून करा.

रोजचा आकडा तुमच्या २० जणांत बसत नसेल, तर जमीन तशीच राहू द्या. कागदावर बुडालेला धंदा सगळ्यात स्वस्त पडतो. बसत असेल तर हिशोब कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत आपण तो सगळ्यांसमोर तपासू.