मिक्सरची जाहिरात पाठ का सोडत नाही?

प्रश्न : ‘कुकीज स्वीकारा’वर होकार दिला की मोबाइलमध्ये व्हायरस शिरतो, असं दुकानातला मुलगा म्हणाला. मी ऑनलाइन एक मिक्सर पाहिला, आता जिथे तिथे त्याच्याच जाहिराती! सगळ्या कुकीज पुसून टाकू का?
– एक वाचक, सिल्वासा

उत्तर : घाबरू नका, कुकी म्हणजे व्हायरस नव्हे. ती ब्राउझरने साठवलेली मजकुराची छोटीशी नोंद. तुमचे फोटो किंवा मेसेज तिला वाचता येत नाहीत. १९९४मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी ती आणली, कारण आत्ता आलेला माणूस मघाचाच, हे वेबसाइटला कळत नव्हतं. तुमचं लॉगिन टिकतं ते तिच्याचमुळे. मिक्सर पाठीस लागतो तो बहुधा थर्ड पार्टी कुकीमुळे. दुकानाच्या आणि बातम्यांच्या, दोन्ही पानांवर एकच जाहिरात कंपनी बसलेली असते आणि तुमची खूण जुळवते. तेव्हा सगळं पुसलंत, तर जागोजागी पुन्हा लॉगिन करावं लागेल आणि खूण नव्याने पडेलच. त्यापेक्षा क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये फक्त थर्ड पार्टी कुकीज रोखा. नकार दिला तर साइट बंद पडेल, असं काहींना वाटतं. पण आवश्यक कुकीज चालूच राहतात. ‘कुकीज स्वीकारा’च्या पट्टीवर ‘नाकारा’ असेल तर बिनधास्त दाबा (ते बटण बरेचदा मुद्दाम फिकट ठेवलेलं असतं, ही चलाखी!). जाहिराती मात्र पूर्ण थांबणार नाहीत, कारण ॲप आणि गूगल खात्यातून माग वेगळ्या वाटेने निघतो. आणि कुकी लॉगिन टिकवते, म्हणूनच सायबर कॅफेत बँकेचं काम शक्यतो टाळा. करावंच लागलं तर ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी वापरा, लॉगआउट करा आणि सगळ्या खिडक्या बंद करून मगच उठा.