जॉइनिंग लेटर आल्यानंतरचे दुखणे : सांगायचे की लपवायचे?

सैन्यात जाण्याची तयारी करणारी मुले आज आपल्या जवळजवळ प्रत्येक वस्तीत आहेत. पहाटे मैदानावर धावतात, संध्याकाळी अभ्यासिकेत बसतात. २०२२ पासून खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, मुलीही प्रशिक्षण घेऊ लागल्या आहेत. तिथवरचा रस्ता लांब आहे. आधी यूपीएससीची लेखी परीक्षा, मग एसएसबीची पाच दिवसांची मुलाखत, त्यानंतर लष्करी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी आणि शेवटी गुणवत्ता यादी. मेडिकलमध्ये ‘फिट’ ठरल्यापासून प्रत्यक्ष रुजू होईपर्यंत काही आठवडे, कधी काही महिने जातात. शरीर तेवढे दिवस थांबून राहत नाही. नेमका याच काळात कुणाचा कान वाहू लागतो, कुणाला कावीळ होते, कुणाचा घोटा मुरगळतो, कुणाच्या जांघेत नायटा पसरतो.

मग घरात कुजबुज सुरू होते. शेजारी म्हणतात, मुकाट जा, काही बोलू नको. क्लासचे सर म्हणतात, एवढ्याशा गोष्टीसाठी सीट घालवतोस काय? आई आम्हाला बाजूला घेऊन विचारते, “ताई, सांगायलाच पाहिजे का हो?”

आमचे उत्तर एकच असते. हो, सांगायचे. रुजू होण्याआधी सांगायचे आणि लेखी सांगायचे.

आईबापांची भीती आम्हाला कळते. घरातले पहिले पोर एवढ्या वर पोचलेले असते. कागद पाठवला आणि उलटे उत्तर आले तर काय, ही भीती खोटी नाही. पण दुसरी बाजूही पाहा. वैद्यकीय तपासणीच्या वेळी उमेदवार आपल्या आजारांविषयी स्वतः लिहून देतो आणि त्याखाली सही करतो. त्यानंतर उद्भवलेले दुखणे हा काही त्याचा दोष नाही, ती फक्त नवी माहिती आहे. तीच माहिती दडवली आणि महिनाभराने मैदानावर बाहेर आली, तर प्रश्न आजाराचा राहत नाही, खोटेपणाचा होतो. त्यातून प्रवेश रद्द होऊ शकतो. दुखण्यावर इलाज असतो, पण त्या शेऱ्यावर नसतो.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. प्रशिक्षणात जायबंदी होऊन घरी परत पाठवलेल्या कॅडेटांची परवड इतकी होती की ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. अशा वेळी पहिला प्रश्न येतो, ही इजा प्रशिक्षणामुळे झाली की आधीपासूनच होती? आधीचे दुखणे जर लपवलेले असेल, तर या प्रश्नात आपले पोरच अडकते. तारखेसह केसपेपर हाती असेल तर निदान बोलायला जागा राहते.

आता ‘किरकोळ’ या शब्दाकडे वळू. घरी पडून राहणाऱ्या माणसाला जे किरकोळ, ते पाठीवर ओझे घेऊन धावणाऱ्याला किरकोळ असेलच असे नाही. नडगीच्या हाडावर बोट ठेवले की एका ठिकाणी कळ येते, धावताना वाढते, बसले की थांबते. हे हाडाला गेलेली बारीक चीर असू शकते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही, म्हणून “फोटो नॉर्मल आला” एवढ्यावर पुन्हा पळायला लागू नये. वेदनाशामक गोळी खाऊन धावणे तर दुहेरी धोक्याचे. दुखणे झाकले जाते आणि अंगातले पाणी कमी झालेले असेल तर मूत्रपिंडावरही ताण येतो. नुकताच ताप किंवा जुलाब होऊन गेला असेल आणि उन्हात कवायत केली, तर उष्माघाताची शक्यता वाढते. गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या काही जुन्या गोळ्यांनी घाम कमी येतो, तोही धोकाच. कांजिण्या आणि डोळे येणे यांचा विचार तर एकट्याचा नाहीच. बराकीत शेजारी-शेजारी झोपणाऱ्या सगळ्यांचा आहे.

नायट्याविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण वस्तीत सर्वांत जास्त दिसतो तो हाच. मेडिकलवाल्याकडून वीस-तीस रुपयांची ट्यूब आणायची आणि फासायची, ही आपली सवय. यांतल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असते. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत जाते आणि पुढे साध्या औषधाला दाद देत नाही. घामाने भिजलेल्या गणवेशात तो भडकतोच. सरकारी दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. उपचाराला काही आठवडे लागतात, म्हणून रुजू व्हायच्या आदल्या आठवड्यापर्यंत थांबू नका. घरात आणखी कुणाला असेल तर त्याचाही उपचार बरोबरच झाला पाहिजे, टॉवेल वेगळे ठेवले पाहिजेत.

मुलींच्या बाबतीत रक्त आधी तपासा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. लोहाच्या गोळ्यांनी ते भरून येते, पण त्याला आठवडे-महिने जातात. पाळीत अंगावरून फार जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. लाजण्यासारखे त्यात काही नाही.

विदर्भातल्या आणि विदर्भातून मुंबई-पुण्यात आलेल्या घरांनी पुढचे नीट वाचावे. सिकलसेल आपल्या समाजात आहे, हे आपण जाणतो. शिबिरात तपासणी होते आणि ‘एएस’ असा रिपोर्ट येतो, म्हणजे तो मुलगा वाहक. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. तो रोजचे आयुष्य इतरांसारखेच जगतो, म्हणून घरचे रिपोर्ट पेटीत ठेवून विसरतात. पण अतिश्रम, उष्णता आणि पाण्याची कमतरता एकत्र आली की वाहकालाही त्रास होऊ शकतो. अमेरिकी सैन्यातल्या नव्या भरतीच्या जवानांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रशिक्षणादरम्यान अचानक होणारे मृत्यू वाहकांमध्ये अधिक दिसले. २०१६ च्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले नाही, मात्र अतिश्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका वाहकांमध्ये अधिक आढळला. मधल्या काळात तिथल्या सैन्याने पाणी, विश्रांती आणि हळूहळू श्रम वाढवणे यावर भर दिला होता. धोका सावरता येतो, पण त्यासाठी तो डॉक्टरांना माहीत असावा लागतो. धावताना स्नायू अचानक गळून पडल्यासारखे झाले, लघवी चहाच्या रंगाची झाली, तर तिथल्या डॉक्टरला हा रिपोर्ट ठाऊक असणे जीव वाचवू शकते.

कळवायचे कसे? आधी सरकारी रुग्णालयात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात दाखवा आणि केसपेपर घ्या. त्यावर आजाराचे नाव, सुरुवातीची तारीख, दिलेली औषधे आणि आजची स्थिती स्पष्ट लिहून मागा. “लिहून द्या डॉक्टर” असे म्हणायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे. मग जॉइनिंग लेटरवर ज्या कार्यालयाचा पत्ता किंवा ईमेल असेल तिथेच, हिंदीत किंवा इंग्रजीत, थोडक्यात लिहा. मजकूर असा असावा :

“माझा अनुक्रमांक अमुक. माझी वैद्यकीय तपासणी अमुक तारखेला होऊन मी फिट ठरलो. त्यानंतर अमुक तारखेला माझा उजवा घोटा मुरगळला. अमुक रुग्णालयात उपचार झाले, कागद सोबत जोडले आहेत. सध्या मला चालता येते, धावणे अजून सुरू केलेले नाही. रुजू होण्याबाबत पुढील सूचना द्याव्यात.”

एवढे पुरे. रडगाणे नको, “पूर्ण बरा आहे” अशी फुशारकीही नको. पाठवल्याचा पुरावा, म्हणजे स्पीड पोस्टची पावती किंवा ईमेलची प्रत, जपून ठेवा. उत्तर आले नाही तर पत्रावरच्या क्रमांकावर फोन करा आणि कुणाशी, कधी बोललात ते वहीत टिपून ठेवा.

पुढचा निर्णय लष्करी डॉक्टरांचा. तो वस्तीतल्या डॉक्टरने किंवा क्लासच्या सरांनी आधीच देऊन टाकू नये, आम्हीही देत नाही. ‘तात्पुरते अनफिट’ हा शब्द ऐकून मात्र घरात सुतक धरू नका. अधिकारी भरतीच्या मूळ मेडिकलमध्येही हा शेरा मिळालेल्यांना अपील वैद्यकीय मंडळापुढे जाता येते, त्यासाठी साधारण ४२ दिवसांची मुदत असते. कानातला मळ, वाढलेले वजन, असे शेरे घेऊन गेलेली मुले तेवढ्यात उपचार करून फिट होऊन आली आहेत.

रुजू होताना केसपेपर, एक्स-रे आणि रिपोर्ट मूळ प्रतींसह हातातल्या पिशवीत ठेवा, ट्रंकेच्या तळाशी नको. एक झेरॉक्स संच घरी आईकडे असू द्या. चालू असलेली औषधे चिठ्ठीसकट न्या आणि पोचल्याच दिवशी तिथल्या वैद्यकीय कक्षात दाखवा. चिठ्ठीशिवायच्या सुट्या गोळ्या आणि ती वीस रुपयांची ट्यूब मात्र घरीच राहू द्या.