बिनतारी संदेशवहनाचे प्रकार व शेतीतील उपयोग

शेतीपंपासाठी रात्रीचा वीजपुरवठा सुरू झाला, की काळोखात विजेरी घेऊन विहिरीवर जाणे अनेक शेतकऱ्यांना भाग पडते. वाटेत विंचूकाट्याचे भय असते. आता घरी बसून मोबाईलवरून पंप सुरू करता येतो. हे कसे घडते आणि या सोयीबरोबर कोणता धोका येतो, हे ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्यास ठाऊक असावयास हवे.

तारेवाचून संदेश कसा जातो?

तळ्यात खडा टाकला असता तरंग उठून काठापर्यंत पोहोचतात. तद्वतच, एरियलमध्ये अतिशय वेगाने उलटसुलट वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहामुळे विद्युत्चुंबकीय लहरी उत्पन्न होऊन पसरतात. त्यांचा वेग सेकंदास सुमारे ३ लक्ष किलोमीटर असतो. प्रक्षेपक या लहरींवर संदेश चढवितो व ग्राहक यंत्र तो उतरवून घेते. १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्ता येथे अशा लहरींच्या साहाय्याने दूरची घंटा वाजवून दाखविली होती.

प्रमुख प्रकार

(१) नभोवाणी : मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर जातात. एफ. एम. लहरींवरील आवाज अधिक स्वच्छ असतो, परंतु टेकडीआड तो क्षीण होतो. १९५६ साली पुणे व लगतच्या भागातील पाच जिल्ह्यांत, सुमारे १५० गावी, शेतकरी मंडळांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकण्याचा व त्यावर चर्चा करण्याचा प्रयोग झाला होता. नभोवाणीवरून ऐकता येते. उलट प्रश्न मात्र विचारता येत नाही.

(२) मोबाईल : येथे संदेश दोन्ही बाजूंनी जातो. फोनमधील लहरी जवळच्या मनोऱ्यापर्यंत पोहोचतात व तेथून संदेश पुढे जातो. मोबाईल स्टार्टरच्या पेटीतही सिमकार्ड असते. त्याची मुदत संपली किंवा लहरी पोहोचल्या नाहीत, तर पेटी हुकूम ऐकत नाही.

(३) ब्लूटूथ व वाय-फाय : ब्लूटूथ साधारणतः दहा मीटरच्या आसपास, तर वाय-फाय घर किंवा गोठ्याच्या परिसरात उपयोगी पडते.

(४) लोरा : थोडाच मजकूर, पण काही किलोमीटरपर्यंत व अत्यल्प विजेवर धाडणारी ही पद्धती आहे. जमिनीतील ओलावा मोजणाऱ्या यंत्रांस ती सोयीची ठरते.

(५) उपग्रह : जागा ठरविणे, मोजणी व दूरचित्रवाणी यांसाठी उपग्रहांच्या लहरी वापरतात.

विजेची पूर्वसूचना

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अ‍ॅप २० व ४० किलोमीटरच्या टापूतील विजांची सूचना मोबाईलवर देते. सूचना मिळताच शेतातील काम थांबवून पक्क्या घरात जावे. झाडाखाली उभे राहू नये.

एक प्रसंग

एका गावी एक शेतकरी पंपाची जळलेली वायर जोडीत होता. स्टार्टर बंद असल्याने आपण निर्धास्त आहोत, अशी त्याची समजूत होती. इतक्यात तालुक्यास गेलेल्या मुलाने, पिकास पाणी हवे म्हणून, तेथूनच मोबाईलवरून पंप सुरू केला. त्याच क्षणी वडील पक्कड घेण्यास मागे वळले होते, म्हणून अनर्थ टळला. दोष ना मुलाचा, ना यंत्राचा. ज्या यंत्राचे बटण दुसऱ्याच्या खिशात असते, ते बंद दिसले तरी बंद समजू नये.

म्हणून पुढील नियम पाळावेत :

(अ) दुरुस्तीपूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत व ते स्वतःच्या खिशात ठेवावेत. नंतर टेस्टरने खात्री करावी.

(आ) ज्यांच्या फोनवरून पंप सुरू होतो, त्या सर्वांस आधी कळवावे.

(इ) विहीर कोरडी पडताच पंप आपोआप बंद करणारी सोय असलेलाच स्टार्टर घ्यावा. पंप चालू आहे एवढे फोन सांगतो. पाणी येत आहे, असे त्यावरून ठरत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावी मोबाईल स्टार्टर किती आहेत याची नोंद घ्यावी आणि एखाद्या विहिरीवर शेतकऱ्यांना जमवून फ्यूज काढण्याचा हा पाठ प्रत्यक्ष करून दाखवावा. रात्रीची पायपीट वाचविणारे साधन कोणाच्या जिवावर बेतू नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी घ्यावयाची आहे.