संकेतस्थळाचा साचा : मिस्तर एकदाच बांधा

जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता आणि तो बनविणारे कागदी कारागीर मुसलमान होते. हाताने लिहिण्याच्या त्या काळात कातिब 'मिस्तर' वापरीत. पुठ्ठ्यावर दोरे ताणून बांधायचे, त्यावर कागद ठेवून दाबायचा; उमटलेल्या खुणा म्हणजे ओळी. मिस्तर एकदा बांधला की शेकडो पाने सारखी. दुकानाच्या संकेतस्थळाचे 'टेम्प्लेट' म्हणजे असाच मिस्तर होय.

समजा, मंचरच्या एका फर्निचर कारागिराने चाळीस वस्तूंची चाळीस पाने सुटी बनविली. फोन नंबर बदलला की चाळीस ठिकाणी दुरुस्ती आली. एक पान राहून गेले, तर गिऱ्हाईक जुना नंबर फिरवते आणि दुसऱ्या दुकानी जाते.

2003 साली आलेल्या वर्डप्रेससारख्या प्रणालीत मजकूर एकीकडे व साचा दुसरीकडे राहतो. पान उघडताच प्रणाली मजकूर साच्यात भरून दाखविते. साचा करताना पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

1. आधी कागदावर आराखडा काढा. दुकानाचे नाव, पत्ता, फोन, वेळ हे कायमचे. ते माथ्याच्या व तळाच्या सामाईक भागात एकदाच लिहावे. वस्तूचे नाव, फोटो, माप, लाकूड, भाव हे बदलते. त्यांना स्वतंत्र रकाने द्यावेत.

2. पानांचे प्रकार मोजा. मुखपृष्ठ, वस्तूंची यादी, एका वस्तूचे पान आणि साधे माहितीचे पान, असे चार साचे लहान दुकानाला पुरतात.

3. साच्याची परीक्षा घ्या. सर्वांत लांब नाव भरा, एक फोटो मुद्दाम गाळा. तरीही मांडणी टिकली पाहिजे.

4. पान आधी मोबाइलवर पाहा. तेथे मजकूर एकाच स्तंभात यावा. भाव व फोन चटकन दिसावेत.

5. मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. देवनागरीत अक्षरांमधले अंतर वाढवू नये, शिरोरेषा तुटते. ओळींमध्ये मात्र मात्रा-उकारांना पुरेशी जागा ठेवावी. उर्दू पान असेल तर त्याची दिशा उजवीकडून डावीकडे ठरवून द्यावी.

भावाच्या रकान्याशेजारी तारखेचा रकाना अवश्य ठेवा. जुना भाव पाहून आलेल्या गिऱ्हाइकाशी होणारी हुज्जत त्याने टळते.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. साचा दुसऱ्याकडून बांधून घेतला, तरी डोमेनची नोंदणी आपल्या नावावर व मुख्य पासवर्ड आपल्याजवळ असावा. नाहीतर भावातील दहा रुपयांच्या फरकासाठीही दुसऱ्याचे दार ठोठवावे लागेल.